गिरणींतील आई आणि तिचा पाळणा

मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास सांगतांना आपण बहुधा धुराडीं, मालक आणि संप यांचेंच वर्णन करतों. आज मला त्याच इतिहासांतील एका पाळण्याविषयीं बोलावयाचें आहे.

१८५६ सालीं मुंबईंत सुताची पहिली गिरणी सुरू झाली. पुढें कोंकणांतून व देशावरून माणसें आलीं, त्यांत स्त्रियाहि होत्या. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत दर पांच गिरणीकामगारांत सुमारें एक स्त्री असे. रिळिंग व वायंडिंग खात्यांत सूत गुंडाळण्याचें काम त्यांच्याकडे होतें. १८९१ च्या कायद्यानें स्त्रियांचा कामाचा दिवस ११ तासांपुरता मर्यादित केला. पण भोंग्यापूर्वीं पाणी भरणें, भाकऱ्या भाजणें आणि परत आल्यावर पुन्हां चूल, हे तास कोणत्याच कायद्यानें मोजले नाहींत.

मग तान्हें मूल कोणीं सांभाळावें? गांवीं सासू होती, जाऊ होती. चाळींत शेजारीण होती. पण तीहि पुष्कळदां कामावर जाणारी. तेव्हां अनेक आया मुलाला अफूची बाळगोळी देऊन निजवीत. यास अज्ञान म्हणून नांवें ठेवणें सोपें आहे. परंतु रोजची मजुरी बुडाली तर चूल पेटत नव्हती, हें विसरून चालणार नाहीं.

१९२४ सालीं ना. म. जोशी यांनीं मध्यवर्ती कायदेमंडळांत प्रसूतिसाहाय्याचें बिल आणलें. तें मंजूर झालें नाहीं. २८ जुलै १९२८ रोजीं मुंबई कायदेकौन्सिलांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं अशाच एका बिलाचा पुरस्कार केला. मातेला विश्रांति मिळणें हें राष्ट्राच्या हिताचें आहे, म्हणून या खर्चाचा बराच भार सरकारनें उचलावा. परंतु तिच्या श्रमाचा लाभ घेणाऱ्या मालकालाहि त्यांतून सुटतां येणार नाहीं, असा त्यांच्या भाषणाचा आशय होता.

१९२९ सालीं कायदा झाला. मुंबईच्या बाळंतिणीला दिवसाला आठ आणे मिळण्याची सोय झाली. भार मात्र एकट्या मालकावर पडला. १९४८ च्या कारखाना कायद्यानें ५० हून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यांत पाळणाघर आवश्यक केलें. त्याचाहि खर्च मालकाचाच. स्त्रीकामगार महाग पडते, असा हिशेब मांडला गेला. जोडीला नवीं यंत्रें आलीं, आणि गिरण्यांतील स्त्रियांची संख्या घटत गेली. सोय कागदावर राहिली आणि बाई दाराबाहेर आली!

बाहेर आलेल्या कित्येकींनीं चुलीलाच धंदा केलें. एकट्या राहणाऱ्या कामगारांना दोन वेळचें जेवण घालणाऱ्या खाणावळवाल्या बायका त्या याच. भांडवलासाठीं सावकार हाच त्यांचा आधार होता. १९७५ सालीं प्रेमा पुरव यांनीं त्यांना संघटित करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभें केलें, आणि बँकेचें दार त्यांना प्रथमच उघडलें.

या कथेचा बोध कोणता? २०१७ सालीं प्रसूतिरजा २६ आठवड्यांची झाली. तरी तिचा खर्च पुष्कळ ठिकाणीं मालकावरच ठेवला गेला, आणि १९२८ सालचा प्रश्न पुन्हां उभा राहिला. मूल जर राष्ट्राचें, तर त्याच्या पाळण्याची दोरी एकट्या आईच्या हातीं कां? ती सरकार, मालक, शेजार आणि घरांतील पुरुष या सर्वांनीं मिळून ओढली, तरच कायद्याचें दान तिच्या पदरांत पडेल.