घटसर्पाची चिकित्सा आणि वेळेचा प्रश्न

घटसर्प या रोगात मृत्यू दोन मार्गांनी ओढवतो. घशात व स्वरयंत्रात जमणारा करडा पापुद्रा श्वासाची वाट बंद करतो. आणि जंतूंनी निर्माण केलेले विष रक्तावाटे पसरून हृदय व मज्जातंतू यांचे कार्य बिघडविते. एकोणिसाव्या शतकातील चिकित्सकांना पहिला मार्ग डोळ्यांनी दिसत होता. दुसऱ्याचे स्वरूप शतकाच्या अखेरीस उलगडले. या काळातील उपचारांचा इतिहास सामान्यतः एका साधनाने दुसऱ्यास मागे सारल्याचा इतिहास म्हणून सांगितला जातो. वस्तुतः प्रत्येक साधनापुढे एकच प्रश्न पुनःपुन्हा उभा राहिलेला दिसतो : उपाय योजावयाचा तो केव्हा?

फ्रान्समधील तूर येथील वैद्य प्येर ब्रतोनो याने १८२६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या रोगाला, चामडे या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून, नाव दिले व त्याचे स्वतंत्र स्वरूप प्रस्थापित केले. तत्पूर्वी, आधीचे प्रयत्न निष्फळ झाल्यावर, १८२५ मध्ये त्याने या रोगाने गुदमरणाऱ्या एका बालिकेची श्वासनलिका छेदून तिला वाचविले होते. त्याचा शिष्य आर्मां त्रूसो याने ही शस्त्रक्रिया पॅरिसमध्ये रूढ केली. त्याने केलेल्या दोनशेहून अधिक शस्त्रक्रियांपैकी सुमारे एकचतुर्थांश यशस्वी झाल्या. मूल निळे पडून निश्चेष्ट होईपर्यंत थांबल्यास शस्त्र व्यर्थ जाई. लवकर चालविल्यास, कदाचित आपोआप बरे झाले असते अशा मुलाचाही गळा कापला जाई. त्रूसोचा कौल लवकर शस्त्र चालविण्याकडे होता. तथापि सर्व शरीर रोगाने ग्रासलेले असेल तेथे शस्त्रक्रियेचा उपयोग नाही, हेही त्याने ओळखले होते. श्वास मोकळा होऊनही मूल दगावते, या अनुभवात रोगाच्या दुसऱ्या मार्गाची चाहूल होती.

गळा न कापता तोंडावाटे स्वरयंत्रात नळी बसविण्याची कल्पना यूजेन बूशू याने १८५८ साली पॅरिसच्या वैद्यक अकादमीपुढे मांडली. त्रूसोच्या प्रतिकूल अहवालामुळे ती मागे पडली. न्यूयॉर्कच्या अनाथ बालकांच्या रुग्णालयातील जोसेफ ओड्वायर याने स्वतंत्रपणे तीच दिशा धरली. तेथील श्वासनलिकाछेदनाचे निष्फळ परिणाम पाहून त्याने स्वरयंत्राच्या आकाराच्या नळ्या घडविल्या आणि १८८५ मध्ये आपली पद्धती प्रसिद्ध केली. आईबापांना गळ्यावरील शस्त्राचे भय वाटे. नळीला ते संमती लवकर देत, आणि त्यामुळे उपचारही लवकर होई. परंतु नळी केवळ बोटाच्या स्पर्शाने बसवावी लागे. पापुद्रा खाली ढकलला जाण्याचा, खोकल्याने नळी बाहेर पडण्याचा किंवा ती तुंबण्याचा, तसेच पातळ अन्न श्वासमार्गात जाण्याचा धोका असे. म्हणून कुशल माणूस अहोरात्र जवळ असणे हा उपचाराचाच भाग ठरला.

दरम्यान क्लेब्ज याने १८८३ मध्ये रोगजंतूचे वर्णन केले व लफलर याने १८८४ मध्ये त्याचे संवर्धन केले. १८८८ मध्ये रू व येर्सँ यांनी जंतुविरहित द्रवातील विषच घातक असल्याचे सिद्ध केले. १८९० मध्ये बेहरिंग व कितासातो यांनी प्रतिविषाचा शोध जाहीर केला. १८९४ साली बुडापेस्ट येथील परिषदेत रू याने पॅरिसच्या बालरुग्णालयातील आकडे मांडले. तेथे पूर्वी निम्म्याहून अधिक रुग्ण दगावत. प्रतिविष सुरू झाल्यावर ४४८ मुलांपैकी १०९ दगावली. त्याच सुमारास प्रतिविष न वापरणाऱ्या त्रूसो रुग्णालयात ५२० पैकी ३१६ मुले मृत्यू पावली. परंतु दोन निराळ्या रुग्णालयांतील रोगी सारखेच होते, असे म्हणता येत नव्हते. कोपनहेगनच्या ब्लेग्डाम रुग्णालयात योहानेस फिबिगर याने १८९६-९७ मध्ये एक दिवस सोडून येणाऱ्या रुग्णांनाच प्रतिविष देऊन ही शंका दूर केली. प्रतिविष दिलेल्या २३९ जणांपैकी ८, तर न दिलेल्या २४५ पैकी ३० दगावले.

तरीही वेळेचा प्रश्न सुटला नाही. रक्तात फिरणारे विष प्रतिविषाने निष्प्रभ होते. पेशींत शिरलेल्या विषावर त्याचा इलाज चालत नाही. जो विलंब शस्त्राला घातक होता, तोच औषधालाही घातक ठरला. शिवाय पापुद्रा गळून पडेपर्यंत श्वास टिकविणे आवश्यक असल्याने नळी व शस्त्र ही दोन्ही साधने प्रतिविषाच्या जोडीने वापरात राहिली; किंबहुना नळी बसविलेल्या मुलाला औषधाचा गुण येईपर्यंत अवधी मिळू लागला.

या प्रश्नाचे खरे उत्तर रोगाच्या अलीकडे जाऊनच मिळाले. १९२३ मध्ये गास्तों रामों याने फॉर्मॅलिन व उष्णता यांच्या साहाय्याने विषाची घातकता काढून, त्याची प्रतिकारशक्ती निर्माण करण्याची क्षमता राखली. या तत्त्वावरील लस पुढे त्रिगुणी लसीचा घटक झाली व भारतात १९७८ साली सुरू झालेल्या विस्तारित लसीकरण कार्यक्रमात समाविष्ट झाली. जेथे लसीकरण अपुरे राहते तेथे मात्र चिकित्सकापुढे आजही तोच जुना पेच उभा राहतो : श्वास वाचवावयाचा आणि विषाच्या आधी पोचावयाचे. ब्रतोनोपासून रूपर्यंतच्या साऱ्या साधनांचे मोल, ती किती लवकर हाती आली यावरच ठरत आले आहे.