बैरूतचा नाश्ता: झातर, कॉफी आणि बसायची जागा

हुमुस आणि फलाफल आता आपल्याकडे कुणाला नवीन राहिलेलं नाही. फूड कोर्टातसुद्धा मिळतं. पण लेबनॉनच्या माणसाला सकाळी उठल्यावर लागतं ते वेगळंच, आणि त्यामागचा इतिहास खाण्यापेक्षा राजकारणाचा जास्त आहे. म्हणून ही लांबलचक पोस्ट. चहा घेऊन बसा.

त्या पदार्थाचं नाव मनूशे. पिठाचा गोळा थापायचा, वर ऑलिव्ह तेलात कालवलेलं झातर पसरायचं आणि भट्टीत भाजायचं. झातर म्हणजे एक रानटी सुवासिक पाला (वास आपल्या ओव्याच्या जवळचा), त्यात आंबट सुमाक आणि तीळ. तेल ओघळू नये म्हणून पिठावर बोटांनी खळगे पाडतात. 'कोरणे' या अर्थाच्या अरबी धातूवरून हे नाव आलं. सोबत लबने, म्हणजे आपला चक्काच, फक्त साखरेऐवजी मीठ आणि ऑलिव्ह तेल. शिवाय काकडी, टोमॅटो, पुदिना. 2023 साली युनेस्कोने मनूशेची परंपरा मानवी वारशाच्या यादीत घेतली.

आता मुद्द्याचं. पूर्वी घरोघरी भट्टी नसायची. बायका घरून पीठ मळून गल्लीतल्या 'फुर्न'वर, म्हणजे सामाईक भट्टीवर आणायच्या. आपण डबा घेऊन पिठाच्या गिरणीत जातो ना, तसंच. आणि गिरणीत नुसतं दळण थोडंच होतं? कुणाच्या घरी काय चाललंय, कुठे पाणी आलं नाही, कोण निवडणुकीला उभं आहे, सगळं तिथेच कळतं. सकाळची कामं आटोपल्यावर शेजारणी कॉफीला जमतात, त्या बैठकीला तिकडे 'सुभिये' म्हणतात. वेलदोडा घातलेली कडक कॉफी, लहानसे कप, आणि शेवटी तळाच्या गाळात भविष्य बघणं. मयताच्या घरी मात्र कॉफी बिनसाखरेची.

ही कॉफी आली येमेनमधून, मक्का, कैरो, इस्तंबूल असा प्रवास करत. आणि गंमत बघा, जिथे गेली तिथल्या राज्यकर्त्यांना तिची धडकी भरली. 1511 मध्ये मक्केचा अधिकारी खैर बेग याने धर्मपंडितांना गोळा करून कॉफीवर बंदी घातली. कैरोच्या सुलतानाने ती टिकू दिली नाही. ऑटोमन इतिहासकार पेचेवी लिहितो की 1550 च्या दशकात अलेप्पो आणि दमास्कसच्या दोघांनी इस्तंबूलमध्ये कॉफीघरं काढली. म्हणजे त्या राजधानीला कॉफीघरात बसायला शिकवलं ते लेबनॉनच्या शेजारच्या माणसांनी. पुढे 1633 मध्ये सुलतान चौथ्या मुरादने ती बंद पाडली. 1675 च्या डिसेंबरात इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सनेही कॉफीघरं बंद करण्याचा जाहीरनामा काढला. लोक इतके खवळले की दोन आठवड्यांच्या आत तो मागे घ्यावा लागला.

कॉफीत असं काय होतं? धर्माचा, आरोग्याचा बहाणा काही वेळा होता, पण खरी अडचण पेयाची नव्हतीच. अडचण होती टेबलाची. तीन-चार माणसं स्वस्तात तासभर बसली की बोलतात, आणि बोलली की राजाचा हिशेब मांडतात.

बैरूतची हमरा स्ट्रीट हे याचं विसाव्या शतकातलं उदाहरण. जवळच अमेरिकन विद्यापीठ, 1866 पासूनचं. 1960 च्या दशकात हॉर्सशू, मोडका, कॅफे द पारी अशा कॅफेंतून कवी, पत्रकार, विद्यार्थी आणि अरब देशांतून परागंदा झालेले राजकारणी बसायचे. आपापल्या देशात जे छापता येत नव्हतं, ते इथे बोलता यायचं आणि पुष्कळदा छापताही यायचं. मग 1975 ते 1990 यादवी युद्ध. शहराचे पूर्व-पश्चिम दोन तुकडे झाले. 1982 मध्ये इस्रायली सैन्याने बैरूतला वेढा घातला. पॅलेस्टिनी कवी महमूद दरवीश तेव्हा तिथेच होता. त्या वेढ्यातल्या ऑगस्टमधल्या एका दिवसावर त्याने अख्खं पुस्तक लिहिलं, आणि त्याच्या सुरुवातीला त्याची धडपड काय, तर बॉम्ब पडत असताना स्वयंपाकघरात जाऊन सकाळची कॉफी करायची! मला तो हट्ट अगदी कळतो. सगळं हातातून गेलेल्या माणसाला निदान आपली सकाळ आपली हवी असते.

पण युद्धाने जे केलं नाही ते पुढे कारभाराने केलं. 1997 पासून एका डॉलरला साधारण 1,507 लिरा हा दर सरकारने धरून ठेवला होता. ऑक्टोबर 2019 मध्ये सरकारने व्हॉट्सअ‍ॅप कॉलवर कर लावायचं काढलं आणि लोक रस्त्यावर आले. बँकांनी ठेवी अडवल्या. 4 ऑगस्ट 2020 ला बंदरात वर्षानुवर्षं पडून असलेल्या 2,750 टन अमोनियम नायट्रेटचा स्फोट झाला, 200 हून अधिक माणसं गेली, आणि देशाचं धान्य साठवणारी कोठारंही उद्ध्वस्त झाली. गहू बहुतांश युक्रेनचा, तिथे 2022 मध्ये युद्ध पेटलं. 2023 च्या मार्चमध्ये डॉलर एक लाख लिरांच्या वर गेला. गरिबाचा नाश्ता म्हणून ओळखला जाणारा मनूशे अनेकांना परवडेना. स्वतःचीच ठेव काढण्यासाठी ठेवीदार शस्त्र घेऊन बँकेत शिरले. त्यातल्या एकीची बंदूक तर खेळण्यातली होती.

'तिकडचं आहे' म्हणून सोडून देऊ नका. त्याच 2019 च्या सप्टेंबरात पीएमसी बँकेच्या ठेवीदारांना आपल्याच खात्यातून सुरुवातीला फक्त 1,000 रुपये काढायची मुभा होती, हे मुंबईकर विसरलेले नाहीत.

आणि बसण्याच्या जागेचं म्हणाल, तर आपलीही हमरा स्ट्रीट होतीच की. इराण्याची हॉटेलं. क्यानी 1904 चं, ब्रिटानिया 1923 चं, पुण्याचं गुडलक 1935 चं. संगमरवरी टेबल, बनमस्का, आणि एका चहावर अनोळखी माणसाशी तासभर वाद. मोजकी उरली, बाकीची गेली. आता नवीन कॅफे निघतात, छान असतात, पण तिथे बसायचं भाडं कॉफीच्या किमतीत धरलेलं असतं. रिक्षावाला, परीक्षेची तयारी करणारा पोरगा, पेन्शनर आजोबा यांनी कुठे बसायचं? पालिकेच्या कट्ट्यावर? तो तरी ठेवलाय का?

मला नॉस्टॅल्जियाचे कढ काढायचे नाहीत. इतिहास एवढंच सांगतो की स्वस्तात बसून बोलायची जागा ही चैन नाही, ती नागरिकांची गरज आहे. म्हणून तर सुलतानांनी आणि राजांनी ती बंद करायला हुकूम काढले. आपल्याकडे हुकूमही लागला नाही. जागांचे भाव वाढले आणि काम झालं.

या वेळी नगरसेवक दारात आले की रस्ता-पाण्याबरोबर हेही विचारा. आणि तुमच्या भागात अशी एखादी जागा अजून टिकून असेल, तर खाली नक्की लिहा.