नाकाचे कार्य व रूप : शल्यचिकित्सेतील भेदाचा इतिहास

नाकाविषयीच्या तक्रारी स्थूलमानाने दोन प्रकारच्या असतात. श्वास घेण्यास अडथळा होणे ही कार्यविषयक तक्रार होय. नाक वाकडे, मोठे, बसके वा चेहऱ्यास न शोभणारे वाटणे ही रूपविषयक तक्रार होय. पहिली औषधोपचाराचा किंवा शस्त्रक्रियेचा विषय आणि दुसरी केवळ आवडीनिवडीची बाब, असा भेद आज रूढ आहे. रुग्णालयातील नोंदी, शस्त्रक्रियेचे नाव व विम्याची भरपाई या भेदावरच ठरतात. हा भेद मात्र मूळचा नसून तो मुख्यत्वे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दृढ झाला. ज्या अस्थी व कूर्चा नाकाला आकार देतात त्याच श्वासमार्ग उघडा ठेवीत असल्याने दोन्ही तक्रारींचे निदान वेगळे करणे आवश्यक असले, तरी उपचारात त्यांची पूर्ण फारकत करता येत नाही. या शस्त्रक्रियेच्या इतिहासातून हीच गोष्ट वारंवार प्रत्ययास येते.

रचना व कार्य : नाकाचा वरचा तिसरा हिस्सा अस्थींचा व खालचा भाग लवचिक कूर्चांचा बनलेला असतो. मध्यभागी असलेला पडदा (नासापटल) नाकाच्या पोकळीचे दोन भाग करतो आणि नाकाच्या कण्याला व शेंड्याला आधारही देतो. बाजूच्या भिंतींवर शुक्तिका नावाचे वळलेले उंचवटे असून त्यांवरील श्लेष्मकलेत रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते. हवा उबदार व दमट करणे, तीतील धूळ अडविणे आणि गंधाचे ज्ञान करून देणे ही नाकाची प्रमुख कार्ये होत. श्वसनमार्गात हवेला होणाऱ्या एकूण रोधापैकी सुमारे निम्मा रोध एकट्या नाकात होतो. वरची पार्श्वकूर्चा व पडदा यांच्यामधील कोन सामान्यतः १० ते १५ अंशांचा असतो. या भागास नासाझडप म्हणतात व प्रौढांत तो श्वसनमार्गातील सर्वांत अरुंद भाग असतो. नळीतून शांतपणे वाहणाऱ्या द्रवाला वा वायूला होणारा रोध त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. नाकातील प्रवाह इतका साधा नसला, तरी या अरुंद जागी थोडासा फरक पडल्यास श्वासावर मोठा परिणाम का होतो, हे यावरून समजते.

प्राचीन भारत : नाक कापणे ही प्राचीन काळापासून अनेक समाजांत अपमानास्पद शिक्षा होती. मराठीत ‘नाक कापणे’ याचा अर्थ अब्रू घेणे असा होतो, तो याचाच अवशेष होय. त्यामुळे नाकाची पुनर्रचना म्हणजे गेलेली प्रतिष्ठा परत मिळविणे होते. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील सोळाव्या अध्यायात या क्रियेचे वर्णन आहे. नाकाच्या मापाचे झाडाचे पान घेऊन त्यानुसार गालाच्या बाजूची त्वचा, एका टोकाशी जोडलेली ठेवून, सोडवावी. कापलेल्या नाकाचा भाग खरवडून त्यावर ती बसवावी व शिवावी. नंतर नाकपुड्यांत दोन नळ्या घालून नाक वर उचलून धरावे, असा हा विधी आहे. भरून आल्यावर नाक आखूड राहिल्यास वाढविण्याची व मांस अधिक झाल्यास ते सारखे करण्याची सूचनाही त्यात आहे. म्हणजे रूप व श्वासमार्ग या दोहोंची दखल एकाच विधीत घेतली होती.

नाकाच्या रोगांची चर्चा मात्र याच संहितेच्या उत्तरतंत्रात, बाविसाव्या अध्यायात, स्वतंत्रपणे केलेली आहे. तेथे ३१ नासारोग गणलेले असून नाक बंद होणे (प्रतिनाह), कोरडे पडणे (नासाशोष), मांसांकुर (नासार्श) व निरनिराळे प्रतिश्याय यांचा त्यांत अंतर्भाव होतो. नाक चोंदण्याची कारणे अनेक असून त्यांतील पुष्कळशी नाकाच्या बाह्य आकाराशी निगडित नसतात, हे या वर्गीकरणात गृहीत धरलेले दिसते.

पुण्याजवळील शस्त्रक्रिया व यूरोप : नाकाच्या पुनर्रचनेची कला भारतात परंपरेने टिकून राहिली. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझीन’ या मासिकात तिचे एक वर्णन प्रसिद्ध झाले. इंग्रजांच्या सैन्यात असलेला, कावसजी नावाचा एक मराठा गाडीवान १७९२ च्या युद्धात टिपूच्या कैदेत सापडला व त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. सुमारे वर्षभरानंतर पुण्याजवळ विटा करणाऱ्या जातीतील एका कारागिराने त्याला नवे नाक बसविले. मेणाच्या नमुन्याने कपाळावर आकृती आखून तेथील त्वचा, भुवयांमधील अरुंद पट्टीने जोडलेली ठेवून, खाली वळवून बसविण्यात आली. जोडपट्टी सुमारे पंचविसाव्या दिवशी कापीत. दहाव्या दिवशी नाकपुड्या पुरेशा उघड्या राहाव्यात म्हणून त्यांत मऊ कापडाचे तुकडे घालीत, असेही त्या मजकुरात नमूद आहे. नाकपुडी मिटली, तर नवे नाक केवळ देखाव्याचे ठरेल, याची जाण त्या कारागिरांना होती.

यूरोपात गास्पारे ताल्याकोत्सी (१५४५–९९) यांनी दंडाच्या त्वचेपासून नाक घडविण्याची पद्धत १५९७ मध्ये ग्रंथबद्ध केली होती. परंतु पुढे ती मागे पडली. १७९४ च्या मजकुरामुळे यूरोपीय शल्यचिकित्सकांचे लक्ष भारतीय पद्धतीकडे वेधले गेले. जोसेफ कार्प्यू (१७६४–१८४६) यांनी १८१४ मध्ये लंडन येथे ती यशस्वीपणे वापरली व १८१६ मध्ये दोन रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. बर्लिन येथील कार्ल फोन ग्रेफ (१७८७–१८४०) यांचा या विषयावरील ग्रंथ १८१८ मध्ये निघाला. या सर्व काळात शस्त्रक्रिया नष्ट झालेल्या नाकाची होती. शाबूत पण नावडत्या नाकावर वा केवळ आतील अडथळ्यासाठी शस्त्र चालविणे वेदना व जंतुसंसर्ग यांमुळे सहसा शक्य नव्हते.

दोन शाखांचा उदय : ईथरची बधिरता (१८४६), जंतुरोधक पद्धती (१८६७) आणि कोकेनचा स्थानिक बधिरक म्हणून उपयोग (१८८४) यांमुळे ही परिस्थिती पालटली व नाकाची शल्यचिकित्सा दोन दिशांनी वाढू लागली.

पहिली दिशा श्वासाची होती. कोपनहेगन येथील व्हिल्हेल्म मायर (१८२४–९५) यांनी १८६८ मध्ये नाकाच्या मागील बाजूस मुलांमध्ये होणाऱ्या अ‍ॅडिनॉइड ऊतकाच्या वाढीचे वर्णन केले. या वाढीमुळे मूल तोंडाने श्वास घेते. हे दीर्घकाळ चालल्यास तोंड उघडे राहणे, चेहरा लांबट दिसणे असे बदल आढळतात. म्हणजे दिसण्यातील दोषाचे मूळ श्वासात असू शकते. पुढे वाकड्या पडद्यावरील शस्त्रक्रिया विकसित झाली. शिकागो येथील ऑटो फ्रीर यांनी १९०२ मध्ये व जर्मनीतील गुस्टाफ किलियान (१८६०–१९२१) यांनी १९०४ मध्ये श्लेष्मकला राखून तिच्याखालील वाकडी कूर्चा व अस्थी काढण्याची पद्धत मांडली. नाकाच्या आधारासाठी वरची व पुढची पट्टी जागेवर ठेवण्यावर किलियान यांचा भर होता.

दुसरी दिशा रूपाची होती. अमेरिकेतील रॉचेस्टर येथील जॉन ऑर्लँडो रो (१८४८–१९१५) यांनी १८८७ मध्ये नाकपुडीच्या आतून छेद घेऊन, बाहेर व्रण न ठेवता, नाकाचा शेंडा सुधारण्याची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. बर्लिनचे याक झोझेफ (१८६५–१९३४) यांनी १८९८ मध्ये मोठ्या नाकामुळे लोकांत मिसळणे टाळणाऱ्या एका पुरुषाचे नाक लहान केले. रूपामुळे होणारा मानसिक त्रास हाही शस्त्रक्रियेस पुरेसा आधार होय, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यांच्या समकालीनांना ते सहजी पटले नाही. तथापि रूपविषयक तक्रारीस वैद्यकात स्थान मिळण्याचा प्रारंभ येथे झाला.

फारकतीचे परिणाम : दोन्ही शाखांनी परस्परांच्या क्षेत्राकडे केलेल्या दुर्लक्षाची किंमत रुग्णांना मोजावी लागली. पडद्याची कूर्चा अतिरिक्त काढल्याने नाकाचा कणा खचून ते खोगिरासारखे होणे वा पडद्याला भोक पडणे असे उपद्रव उद्‌भवले. शुक्तिका मुळापासून काढल्यास मार्ग रुंद होऊनही काही रुग्णांना श्वास अपुरा वाटतो, नाक कोरडे पडते व खपल्या धरतात. अशा अवस्थेस १९९४ पासून ‘रिक्त नासा लक्षणसमूह’ असे नाव मिळाले. उलट, नाक सडपातळ करताना कण्याचा भाग अधिक कापल्यास पार्श्वकूर्चा आत ओढल्या जाऊन नासाझडप आकसते व दिसावयास सुबक झालेले नाक श्वास घेताना मिटते.

शिकागो येथील मॉरिस कॉटल (१८९८–१९८१) यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास पडदा काढण्याऐवजी तो सरळ करून राखण्याचा पुरस्कार केला आणि नाकाचा आतील व बाहेरील भाग हा एकच अवयव मानावा, असा आग्रह धरला. अमेरिकेतील जॅक शीन यांनी १९८४ मध्ये पडदा व पार्श्वकूर्चा यांच्यामध्ये कूर्चेच्या पट्ट्या बसवून झडप रुंद ठेवण्याचे तंत्र वर्णिले. या पट्ट्यांनी नाकाचा कणाही सरळ दिसतो. कार्य व रूप एकाच कृतीने साधण्याचे हे ठळक उदाहरण होय.

मापनाच्या मर्यादा : कार्यविषयक तक्रार मोजता येते व रूपविषयक येत नाही, असा समज आहे, तो अंशतःच खरा आहे. नाकाच्या दोन बाजू काही तासांच्या अंतराने आळीपाळीने चोंदतात व मोकळ्या होतात, हे रिखार्ड कायझर यांनी १८९५ मध्ये दाखविले. त्यामुळे एका वेळचे मापन फसवे ठरू शकते. हवेचा दाब व प्रवाह मोजून नाकातील रोध काढण्याच्या पद्धतीचे १९८४ मध्ये आंतरराष्ट्रीय प्रमाणीकरण झाले; १९८९ मध्ये ध्वनितरंगांच्या परावर्तनाने पोकळीचे क्षेत्रफळ मोजण्याची रीत पुढे आली. तरीही मापन व रुग्णाची जाणीव यांचा मेळ नेहमीच बसत नाही. मेंथॉल हुंगल्यावर नाक मोकळे झाल्यासारखे वाटते, पण प्रत्यक्ष रोध बदलत नाही, हे १९८० नंतरच्या दशकातील प्रयोगांत दिसून आले. श्वासाची जाणीव थंडावा ओळखणाऱ्या मज्जातंतूंवरही अवलंबून असते, हे त्याचे कारण होय. म्हणून २००४ पासून पाच प्रश्नांची एक प्रश्नावली प्रचारात आली. चोंदणे, अडथळा, श्वासाचा त्रास, झोपेतील त्रास व श्रमाच्या वेळी हवा अपुरी पडणे यांचे प्रमाण तीत रुग्णच सांगतो.

निदान : भेद करताना प्रथम तक्रारीचे स्वरूप पाहावे लागते. बाजू बदलणारे, ऋतुमानानुसार वाढणारे, शिंका व खाज यांसह येणारे चोंदणे बहुधा अधिहर्षतेमुळे असते व त्यास औषध लागते. कायम एकाच बाजूस राहणारा अडथळा रचनेतील दोष सुचवितो. प्रौढ व्यक्तीत त्याबरोबर रक्त येत असल्यास अर्बुदाची शंका घेऊन त्वरित तपासणी करणे इष्ट ठरते. लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून दुर्गंधी स्राव येत असल्यास अडकलेला पदार्थ शोधावा लागतो. नाक मोकळे करणारे थेंब दीर्घकाळ वापरल्याने उलट चोंदणे वाढते, हेही ध्यानात ठेवावे लागते. तपासणीत श्लेष्मकला आकसविणारे औषध घातल्यावर श्वास सुधारल्यास दोष मुख्यतः सुजेचा, न सुधारल्यास अस्थी-कूर्चेचा समजतात. गाल बाहेर ओढल्यावर श्वास सुधारणे ही कॉटल यांची चाचणी झडपेच्या दोषाकडे निर्देश करते. परंतु ती निरोगी नाकातही अनेकदा होकारार्थी येते. पडदा थोडा वाकडा असणे अनेक निरोगी व्यक्तींतही आढळते. म्हणून केवळ प्रतिमेत दिसणारे वाकडेपण हा श्वासदोषाचा पुरावा नव्हे. तसेच बाहेरून सरळ दिसणारे नाक आतून मोकळे असेलच असे नाही.

आर्थिक व सामाजिक बाजू : भारतात आरोग्यविम्यासाठी २०१९ मध्ये ठरविलेल्या प्रमाणित अपवादांनुसार रूपसुधारणेच्या शस्त्रक्रियेचा खर्च मिळत नाही, अपघात, भाजणे वा कर्करोग यांनंतरची पुनर्रचना आणि आरोग्यास असलेला प्रत्यक्ष धोका टाळण्यासाठी केलेले उपचार यांना मात्र सवलत आहे. त्यामुळे सीमेवरील रुग्णांची दुहेरी अडचण होते. अपघाताने नाक वाकडे झालेल्या व श्वासास खरोखर त्रास होणाऱ्या व्यक्तीवर दिखाऊपणाचा संशय घेतला जातो; तर रूपाविषयी असमाधानी व्यक्तीस श्वासाचे कारण पुढे करण्याचा मोह होतो व तिची खरी अपेक्षा शस्त्रक्रियेपूर्वी बोललीच जात नाही. अशी शस्त्रक्रिया यशस्वी होऊनही रुग्ण असमाधानीच राहण्याचा संभव असतो. नाकातील क्षुल्लक वा अस्तित्वात नसलेल्या दोषाचा ध्यास हे मानसिक विकाराचे लक्षण असल्यास शस्त्रक्रियेने सहसा समाधान मिळत नाही. तेथे मानसोपचारच योग्य ठरतात.

कोणती तक्रार श्रेष्ठ व कोणती कनिष्ठ हे ठरविणे हा या भेदाचा उद्देश नव्हे. रुग्णाला नेमके काय हवे आहे, त्याचे कारण कोठे आहे व एक सुधारताना दुसरे बिघडणार नाही ना, हे शस्त्रक्रियेपूर्वी स्पष्ट करणे हा त्याचा उपयोग होय. नव्या नाकात दोन नळ्या घालण्याच्या प्राचीन सूचनेमागील विचार आजच्या प्रगत तंत्रांनाही तितकाच लागू पडतो.