खेळापूर्वीची दहा मिनिटे

वर्ध्याच्या सिनेमागृहात पुढच्या बाकांवर बसून ज्यांनी चित्रपट पाहिले, त्यांना मुख्य खेळापूर्वीची ती दहा मिनिटे आठवत असतील. दिवे मालवत आणि धरणाची भिंत, पुराने वेढलेली गावे, क्रिकेटचा सामना अशी दृश्ये सरकू लागत. कोणी तेवढ्यात शेंगदाणे घेऊन येई, कोणी ‘संपू दे एकदाचे’ म्हणून पुटपुटे. पण या इवल्याशा वार्तापटाची कथा मोठी नवलाची आहे, आणि तिचे एक पान वर्ध्याशी जोडलेले आहे.

त्याचे आजोळ विलायतेत. तेथे 1918 साली ‘पाथे पिक्टोरियल’ हे जणू पडद्यावरचे मासिकच निघाले. 1921 मध्ये खास स्त्रियांसाठी ‘ईव्हज फिल्म रिव्ह्यू’ आले. फॅशन, छंद, कारागिरी असा त्यांचा हलकाफुलका मजकूर. घटकाभर करमणूक हाच हेतू.

आपल्याकडे मात्र हा पाहुणा सक्तीने आला. 14 जुलै 1942 रोजी वर्ध्यात काँग्रेस कार्यकारिणीने इंग्रजांनी हिंदुस्थानातील सत्ता सोडावी असा ठराव केला. ऑगस्टमध्ये नेते तुरुंगात गेले. महायुद्ध चालूच होते. 1943 मध्ये सरकारने प्रत्येक खेळात दोन हजार फूट, म्हणजे सुमारे वीस मिनिटांचे, सरकारमान्य पट दाखवण्याचे बंधन घातले. ‘इंडियन न्यूज परेड’ हा त्यातलाच वार्तापट. वर भाडेही थिएटरवाल्यानेच भरायचे! लोकांना हा राज्यकर्त्यांचा डांगोरा वाटला, यात नवल ते काय? 1946 मध्ये हा सारा पसारा गुंडाळण्यात आला.

आणि वर्षभरातच त्याची उणीव भासली. 15 ऑगस्ट 1947 चा सोहळा टिपायला आपल्या सरकारजवळ स्वतःचे चित्रपथकच नव्हते! त्या दिवसाची जी दृश्ये आपण पाहतो, ती खासगी आणि परदेशी कॅमेरेवाल्यांनी घेतलेली.

1948 मध्ये फिल्म्स डिव्हिजन स्थापन झाले. सक्ती तीच, भाडेही थिएटरवाल्याच्याच माथी. बदलला तो फक्त धनी. सरकारची वाहवा त्यातही असेच. पण भाक्रा धरण, विनोबांची भूदानयात्रा हे सारे ज्यांनी कधी गावाची वेस ओलांडली नव्हती त्यांनीही याच पडद्यावर पाहिले.

पुढे दूरदर्शन घरोघर आले. ‘पाथे पिक्टोरियल’ 1969 मध्येच थांबले होते. फिल्म्स डिव्हिजनही 2022 मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन करण्यात आले. दिवाळीची साफसफाई करताना आपण जुन्या फोटोंची पेटी टाकत नाही. त्यातल्या कुणावर आपला राग असला तरीही. या वार्तापटांकडेही तसेच पाहावे.