बेवड : वसईच्या वाड्यांतील मातीचा शब्देतिहास

आगाशी-अर्नाळ्यापासून गास-भुईगावपर्यंत पसरलेल्या वसईच्या वाड्यांची कीर्ती केळी, पानवेल आणि फुले ह्यांमुळे झाली. तेथील जमीन मात्र बहुतांशी रेताड. गोड्या पाण्याच्या विहिरी व बावखले होती म्हणून तेथे बागाईत शक्य झाले. परंतु अशी जमीन पाण्याप्रमाणेच खतही फार काळ धरून ठेवीत नाही. तिचा कस कसा राखला गेला असावा, ह्या प्रश्नाच्या उत्तराचा काही भाग वनस्पतींच्या नावांत सापडतो.

इ. स. 1534 पासून 1739 पर्यंत वसईवर पोर्तुगीजांचा अंमल होता. अननस, काजू, पेरू ही नावे मराठीत रूढ झाली ती पोर्तुगीजांच्याच संपर्काने. ह्याउलट ताग, वाल, शेवरी, पांगारा ह्या मातीला पोसणाऱ्या शिंबावर्गीय वनस्पतींच्या नावांवर त्या भाषेची कोणतीही छाया नाही. तागाला संस्कृतात शण म्हणत. वाल हा शब्द वल्लापासून आला. ही नावे महाराष्ट्रभर आढळतात, तेव्हा त्यांवरून एकट्या वसईविषयी फार मोठा निष्कर्ष काढणे धाडसाचे होईल. तथापि राज्यकर्त्यांबरोबर फळे बदलली आणि मातीची परिभाषा देशीच राहिली, एवढे निश्चित.

ह्या परिभाषेतील सर्वांत अर्थपूर्ण शब्द 'बेवड' हा होय. ज्या पिकामागून दुसरे पीक जोमाने येते, ते पहिले पीक दुसऱ्याचे बेवड. जमिनीची ओळख तिच्यातील उभ्या पिकावरून न करता गेलेल्या पिकावरून करणारा हा शब्द आहे. शिंबावर्गीय झाडांच्या मुळांवरील गाठींतील जंतू हवेतील नत्र बांधतात, हे हेलरीगेल व विल्फार्थ ह्या जर्मन शास्त्रज्ञांनी 1886 मध्ये दाखवून दिले. शेतकऱ्याला कारण ठाऊक नव्हते. परिणाम ठाऊक होता.

मात्र पूर्वजांना सर्व काही अवगत होते, असे म्हणण्याचा मोह आवरलेला बरा. भाताच्या कापणीनंतर उरलेल्या ओलीवर येणारा वाल मुख्यतः खाण्यासाठीच पेरला जाई. शेंगा घरात आणि पाला गुरांपुढे गेल्यावर जमिनीच्या वाट्याला मुळांपलीकडे फारसे उरत नाही. पानमळ्यांत शेवरी व पांगारा लावीत, ते वेलीला आधार आणि सावली मिळावी म्हणून. त्यांचा गळलेला पाला कुजून खत होई, हा अनायासे झालेला लाभ. खास मातीसाठी पेरले जाई ते हिरवळीचे खत. ताग फुलावर येताच, पेरणीपासून सुमारे सहा ते आठ आठवड्यांनी, जमिनीत गाडावा लागतो. त्याचा दोर वळण्याचा लोभ धरला, तर खोड निबर होते व लवकर कुजत नाही.

अलीकडच्या दशकांत वसईतील अनेक बावखले बुजविली गेली. उपसा वाढल्याने विहिरींत खारे पाणी शिरू लागले. खारवट जमिनीत तागापेक्षा धैंचा अधिक तग धरतो. शेवरीचा हा जवळचा भाऊबंद असला, तरी त्याचे नाव मराठीत बंगाली-हिंदीकडून, बहुधा कृषिखात्याच्या पत्रकांतून आले. वाड्यांतील जुन्या बोलीत त्याची गरजच पडली नव्हती.