पेशी खऱ्या होत्या, नाव बदनाम झालं

आपल्या टी-पेशी थायमस या ग्रंथीत तयार होतात. त्यातल्या ज्या स्वतःच्याच शरीरावर उलटू शकतील, त्या बहुतेक तिथेच मारल्या जातात. पण काही निसटतातच. मग त्यांना आवरतं कोण?

पहिला धागा मिळाला १९६९ मध्ये जपानमध्ये. निशिझुका आणि साकाकुरा यांनी तीन दिवसांच्या उंदरांचं थायमस काढलं, तर माद्यांची अंडाशयं नष्ट झाली. तो त्यांच्याच रोगप्रतिकारशक्तीचा हल्ला होता, हे पुढे कळलं. म्हणजे टी-पेशींचा कारखाना बंद केल्यावर हल्ला थांबायच्या ऐवजी सुरू झाला!

१९७० मध्ये येल विद्यापीठातल्या गर्शन आणि कोंडो यांनी मांडलं की काही टी-पेशी इतरांना दाबून ठेवतात. 'सप्रेसर' पेशींवर मग निबंधांचा पूरच आला. या पेशींची ओळख म्हणून 'आय-जे' नावाचं जनुक उंदरात ठरावीक जागी असल्याचं सांगितलं गेलं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला डीएनए तपासला, तर त्या जागी असं जनुकच नाही! झालं, 'सप्रेसर' हा शब्द उच्चारायचीही चोरी झाली.

पण थायमसवाला प्रयोग काही खोटा ठरला नव्हता. शिमोन साकागुची तोच धरून बसले. १९९५ मध्ये त्यांनी दाखवलं की सीडी४ पेशींमधल्या सीडी२५ हे रेणू बाळगणाऱ्या थोड्या पेशी वगळून बाकीच्या पेशी टी-पेशी नसलेल्या उंदरांना दिल्या, तर अनेक अवयवांवर हल्ला होतो; वगळलेल्या पेशी परत दिल्या की तो टळतो. तीन दिवसांचं कोडंही सुटलं: उंदरात या पेशी थायमसमधून इतरांपेक्षा उशिरा बाहेर पडतात.

२००१ मध्ये ब्रंकाव आणि रॅम्सडेल यांनी 'स्कर्फी' नावाच्या आजारी उंदरांमधलं बिघडलेलं जनुक शोधलं: फॉक्सपी३. तेच बिघडलं तर मुलग्यांना तान्हेपणीच आयपेक्स हा आजार होतो. आतडी, त्वचा, स्वादुपिंड यांवर स्वतःच्याच पेशी तुटून पडतात. दोन वर्षांत सिद्ध झालं की साकागुचींच्या पेशी घडवणारं जनुक हेच. या तिघांना २०२५ चं नोबेल मिळालं.

आता त्या पेशींना 'रेग्युलेटरी' म्हणतात. गर्शन १९८३ मध्येच गेले. त्यांच्या काळातलं स्पष्टीकरण चुकलं होतं, पण दाबणाऱ्या पेशी असतात हे निरीक्षण बरोबर होतं. आपण दोन्ही एकत्रच फेकून दिलं, आणि मधली बरीच वर्षं गेली.