पहिल्या धारेची गोष्ट

परवा रात्री ऑकलंडहून भाच्याचा फोन आला. "मामा, एक गंमत बघ," म्हणत त्याने कॅमेरा ओट्याकडे वळवला. तांब्याचं एक चिमुकलं भांडं, वर घुमटासारखी टोपी, टोपीतून निघालेली नळी. दारू गाळायची घरगुती भट्टी! न्यूझीलंडमध्ये १९९६ पासून स्वतःपुरती दारू घरी गाळायला मुभा आहे, फक्त विकायची नाही. पठ्ठ्याने रीतसर पुस्तक आणलंय, तापमापक आणलाय. मग म्हणाला, "आपल्या डहाणूकडे मोहाची कशी गाळायचे, सांग ना."

मी जरा गप्पच झालो. कारण आमच्या माळ्यावरचा हंडा.

घरातल्या मंडळींना तो हंडा आठवत असेल. तांब्याचा, गळ्याशी डाग दिलेला. आम्ही सगळे लहानपणी त्यातल्याच पाण्याने आंघोळी केल्या. आजी सांगायची, पणजोबा आबकारी खात्यात शिपाई होते. त्यांनी पकडलेल्या मालाच्या लिलावात तो स्वस्तात घेतला. त्या डागाच्या जागी पूर्वी नळी बसवलेली होती. आम्हाला या गोष्टीचं केवढं कौतुक! हंडा कुणाचा होता, हे मात्र आमच्यापैकी कुणी कधी विचारलं नाही.

भाच्याला पद्धत सांगितली, ती ऐकीव. मोहाची फुलं मार्च-एप्रिलमध्ये रात्री गळतात, पहाटे वेचतात, उन्हात वाळवतात. वाळलेल्या फुलात निम्म्याहून अधिक साखरच. ती पाण्यात चार-सहा दिवस भिजत घातली की आंबून फसफसते. मग मडकं चुलीवर, तोंड मातीने लिंपलेलं, वाफ बांबूच्या नळीतून थंड पाण्यात ठेवलेल्या भांड्यात. अल्कोहोल ७८ अंशांना उकळतं, पाणी १००ला. म्हणून आधी येते ती कडक, पुढे पुढे पाणचट. आपण 'पहिल्या धारेची' म्हणतो ते उगीच नाही. "पण पुस्तकात तर पहिली वाटीभर फेकून द्या म्हटलंय," भाचा म्हणाला. तेही खरंच आहे. अगदी आधी थोडे उग्र, लवकर उडणारे पदार्थ येतात, ते टाकायचे. कडक माल त्याच्या मागोमाग येतो.

म्हणजे कृती तीच. मडक्याच्या जागी तांबं आणि बांबूच्या जागी काच. फरक आहे तो कायद्याचा.

इंग्रजांच्या आधीही दारूवर कर होते, मक्ते होते. पण रानातल्या पाड्यावर सण, लग्न, मयत यांच्यापुरती जो तो गाळत असे. देवाला आणि पितरांनाही तीच. १८७८ साली मुंबई इलाख्याचा आबकारी कायदा आला. आता दारू सरकारी देखरेखीखालच्या भट्टीत गळायची, तिच्यावर कर बसायचा आणि ती मक्त्याच्या दुकानातून विकत घ्यायची. पाड्यावरचं मडकं एका रात्रीत गुन्हा झालं. तरी लोक गाळतच राहिले. तेव्हा १८९२ साली सरकारने थेट मोहाच्या फुलांसाठी वेगळा कायदा केला. ठाणे आणि कुलाबा (आजचं रायगड) या जिल्ह्यांत फुलांच्या साठ्यावर आणि विक्रीवर बंधनं आली. विचार करा, हीच फुलं वारली-कातकरी भाजून, उकडून खातात. दुष्काळात तर पोटाला तोच आधार. आणि घरात फुलांची टोपली सापडली की झाला पुरावा!

आमचे पणजोबा रानातला धूर हुंगत फिरायचे ते या कायद्यापायी. ते वाईट नव्हते, पगार घेत होते. पण त्या पगारात कुणाची तरी फुलं होती.

आता कुणी म्हणेल, दारूच ती, बंद झाली तर बरंच की. मलाही तसंच वाटायचं. पण १९२२ साली याच भागात एक विलक्षण गोष्ट घडली. पालघरच्या किनाऱ्यावर मच्छीमार वस्त्यांत देवीचं वारं सुरू झालं. अंगात येणाऱ्यांच्या तोंडून देवी बोलू लागली. ते वारं डोंगर चढून नाशिक, डांग आणि दक्षिण गुजरातेतल्या पाड्यांपर्यंत गेलं. देवीचा हुकूम काय, तर दारू सोडा, मांस सोडा, रोज आंघोळ करा आणि दारूवाल्या सावकाराकडे कामाला जाऊ नका. हजारो आदिवासींनी दारू टाकली. डेव्हिड हार्डिमन या इतिहासकाराने यावर १९८७ मध्ये 'द कमिंग ऑफ द देवी' हे पुस्तकच लिहिलं. चौदा वर्षांत (१८७८ ते १८९२) दोन कायद्यांना जे जमलं नाही, ते लोकांनी आपणहून केलं. सगळीकडे ते टिकलं नाही, हेही खरं. पण बंदी घालणं वेगळं आणि सोडणं वेगळं, हे मला तिथे कळलं. बंदीने लोक लपायला शिकले. सोडताना मात्र ते एकत्र जमले.

स्वातंत्र्यानंतर १९४९ चा दारूबंदी कायदा आला, पुढे सैल झाला. पण घरची भट्टी आपल्याकडे आजही गुन्हाच. लपूनछपून दारू कुठवर जाते, ते २०१५ साली मालवणीत दिसलं. शंभरावर माणसं गेली, ती मोहामुळे नव्हे, कारखान्यात वापरायच्या मिथेनॉलमुळे.

भाच्याला म्हटलं, तुझ्याकडे परवानगी आहे, तर कर. शेगडी सोडून हलू नकोस, वाफ पेट घेते. नळीचा डाग शिशाचा नाही ना, तेवढं बघ. आणि पहिली वाटी टाकशील, तेव्हा ज्यांच्याकडून हे घेतलं त्यांची आठवण काढ. तो हसला. मग जरा थांबून म्हणाला, "मामा, तो हंडा मोडीत नको हं घालू."

नाही घालणार. उतरवून पुसून ठेवलाय, डागासकट. घरातल्या जुन्या माणसांपैकी कुणी त्या पाड्याचं नाव ऐकलं असेल तर मला जरूर कळवा. हंडा परत देता येईल असं नाही, पण निदान कुणाचा ते तरी ठाऊक असावं.